कागदावर शिवलेली गोधडी

  या मालिकेत आजवर आपण पानिपत, सारागढी, असल उत्तर अशा रणांगणांवर हिंडलो. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना निवृत्ती मानवलेली दिसत नाही. कारण आज सुई-दोऱ्याचा इतिहास सांगणार आहे. कागदाच्या साच्यावर कापडाचे तुकडे बसवून रजई कशी शिवतात, त्यात वेळ कसा वाचवतात आणि या कामाचा सैनिकांशी काय संबंध, हे पाहू. संबंध आहे, आणि तो माझ्या घरापर्यंत येतो.

माझी पत्नी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिची काळी लोखंडी ट्रंक उघडली, तर तळाशी एक अर्धवट रजई निघाली. सगळी षटकोनी तुकड्यांची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. उलटी केली तर पुष्कळशा तुकड्यांच्या पाठीला कागद. दुधाची बिलं, कॅन्टीनच्या पावत्या, लग्नपत्रिका, आणि मी फील्ड पोस्टातून पाठवलेली पत्रं. कापलेली. एका षटकोनावर माझ्याच अक्षरात एवढंच होतं : ‘रजा मंजूर झाली तर’. पुढचं वाक्य कुठल्या तुकड्यात गेलं, देव जाणे.

खोटं कशाला बोलू, आधी राग आला. बर्फात, हातमोजे काढून लिहिलेली पत्रं ती. मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, आधी समजून तर घ्या आई काय करत होती.” फौजेत आम्ही शिकलो ते हेच, आधी पाहणी, मग कारवाई. म्हणून पाहणीला लागलो.

आपली गोधडी तुम्हाला माहीत आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर चिंध्यांचे तुकडे लावायचे आणि धावदोऱ्याने सगळं एकजीव करायचं. तिथे कागदाचं काम नाही. कागदावरचं जोडकाम ही निराळी परंपरा, मुख्यतः इंग्लंडमधली. त्यात प्रत्येक तुकड्यासाठी कागदाचा नेमका साचा कापतात. कापड त्यावर ठेवून कडा मागे दुमडतात आणि कच्च्या टाक्यांनी अडकवतात. मग असे दोन तुकडे समोरासमोर धरून काठाला काठ बारीक टाक्यांनी जोडतात. तुकडा चहूबाजूंनी जोडला गेला की कागद काढून घ्यायचा. कागदामुळे कोन हलत नाहीत. हजार तुकडे जोडले तरी नक्षी वाकडी होत नाही.

ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे. त्यावर साल शिवलेलं आहे, १७१८. म्हणजे आपल्याकडे छत्रपती शाहू महाराज साताऱ्याला होते आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होते, तो काळ. त्या पांघरुणातले कागद आजही आत आहेत. जुन्या रजयांच्या अभ्यासात हे कागद फार मोलाचे ठरतात. हिशेबाच्या वह्या, पत्रं, वर्तमानपत्रं जे हाताशी असेल ते कापलेलं असतं. त्यावर तारीख सापडली, तर निदान त्या तारखेच्या आधी हे काम झालेलं नाही, एवढं नक्की कळतं. कापड गप्प असतं, कागद बोलतो.

आता सैनिकांकडे येऊ. १८५६ साली थॉमस वुड या चित्रकाराने एका जखमी शिपायाचं चित्र काढलं. त्याचं नाव प्रायव्हेट थॉमस वॉकर. क्रिमियाच्या युद्धात त्याच्या डोक्याला जखम झाली होती. चित्रात तो इस्पितळातल्या खाटेवर बसून रंगीत तुकड्यांची चादर शिवतो आहे. त्या काळी ब्रिटिश फौजेत शिपायांच्या हाती सुई देण्याचा आग्रह धरणारे सुधारक होते. हात कामात राहिले की माणूस दारू आणि जुगारापासून दूर राहतो, असा त्यांचा विचार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात फ्रान्सिस ब्रेली नावाच्या शिपायाने शिवलेली एक चादर आहे. १८६४ ते १८७७ या काळात तो हिंदुस्थानात तैनात होता, तेव्हाची ती.

या शिपायांच्या चादरींचं कापड म्हणजे गणवेशाची जाड, घट्ट लोकर. तिच्या कडा सहसा उसवत नाहीत. त्यामुळे कडा दुमडायची गरज नाही, तुकडा कापायचा आणि काठाला काठ लावून जोडायचा. नुसतं कापड योग्य निवडल्यामुळे कामाचा एक आख्खा टप्पा गळाला. वेळ वाचवण्याचा पहिला धडा हाच : हात भरभर चालवण्याआधी कुठलं काम करावंच लागणार नाही, ते शोधा.

दुसरं उदाहरण सिंगापूरचं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो भारतीय सैनिक जपान्यांचे कैदी झाले. गोऱ्या नागरिकांना चांगीच्या तुरुंगात कोंडलं, बायका-मुलं वेगळी, पुरुष वेगळे. त्यात एलिझाबेथ एनिस नावाची परिचारिका होती. तिचा नवरा जॅक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. सिंगापूर पडण्याच्या काही दिवस आधीच त्यांचं लग्न झालेलं. एलिझाबेथने तुरुंगातल्या मुलींचं गर्ल गाइडचं पथक चालवलं. त्या वीसेक मुलींनी तिच्या वाढदिवसासाठी गुपचूप रजई शिवायला घेतली. चिंध्या जमवल्या, दोराही कुठून कुठून मिळवला आणि षटकोनांची फुलं जोडली. ती रजई आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

त्यानंतर तुरुंगातल्या बायकांनीही रजया केल्या. एकेका रजईत ६६ चौकोन. प्रत्येकीने आपल्या चौकोनावर आपली काही खूण भरली, नाव घातलं. पुरुषांच्या छावणीपर्यंत पत्र पोचत नव्हतं, पण इस्पितळासाठी म्हणून रजई पोचू शकत होती. ती पाहून नवऱ्याला कळावं की बायको जिवंत आहे. त्यांतल्या दोन रजया ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

इथवर वाचून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. इस्पितळातल्या शिपायाला वेळ घालवायचा होता. तुरुंगातल्या बायकांना वेळ सोसायचा होता. वेळ वाचवायची खरी गरज कुणाला? घर चालवणाऱ्या बाईला. नवरा सीमेवर, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, दर दोन-तीन वर्षांनी बदली. तिच्या वाट्याला दुपारची अर्धी तास. रजई व्हायची ती तेवढ्यातच.

आता हिशेब मांडू. एक इंच बाजूच्या षटकोनाचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस इंच. साठ इंच बाय नव्वद इंच चादर म्हणजे ५,४०० चौरस इंच, म्हणजे जवळजवळ २,०८० षटकोन. प्रत्येक षटकोनामागे दोन मिनिटं वाचली, तर एकूण सत्तरएक तास वाचतात. अर्ध्या तासाच्या दुपारी धरल्या तर १४० दुपारी. ही बचत लहान नाही.

ती बचत कुठे होते, ते मी तिच्या कामावरून आणि स्वतः बोटं टोचून घेऊन शिकलो.

पहिलं, कापड षटकोनी कापायचं नाही. लांब पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे चौकोन करायचे. जास्तीचं कापड मागे दुमडलं जातं, पुढून दिसत नाही. नेमकेपणा कागदात हवा, कापडात नाही. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याची फिरती कटर आणली. तिने कापडाचे चार थर एका दमात कापता येतात. आमच्याकडे मात्र कात्रीच होती.

दुसरं, काम टप्प्यांनी करायचं. एक दिवस फक्त कागद, एक दिवस फक्त कापड, मग नुसते कच्चे टाके. एकेक षटकोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसलं की सुई, कात्री, पेन्सिल शोधण्यातच वेळ जातो. तयार तुकड्यांची डबी पिशवीत ठेवली की दवाखान्याच्या रांगेतही काम पुढे सरकतं.

तिसरं, फूल पूर्ण करत जायचं. मधला एक, भोवती सहा, त्याभोवती बारा. फुलं आधी करून ठेवायची आणि शेवटी फुलाला फूल जोडायचं. पूर्ण चादर मांडीवर घ्यायची वेळ अगदी शेवटी येते.

चौथं, आणि माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं, कच्चा टाका कागदातून घालायचाच नाही. मागे दुमडलेल्या कापडाचे कोपरे तेवढे एकमेकांना टाचायचे. आज काही जण टाक्याऐवजी पाण्यात धुऊन जाणाऱ्या गोंदाचं बोटही फिरवतात. कोपरेच टाचले तर टाका उसवावा लागत नाही, आणि कागद बोटाने ढकलला की अख्खा बाहेर येतो, पुन्हा वापरता येतो.

मशीनवरची पद्धत याच्या उलट आहे, तीही सांगून ठेवतो. तिथे नक्षी कागदावर छापून तुकड्यांना क्रमांक देतात आणि कागदावरूनच शिलाई मारतात. टाका दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बारीक ठेवायचा. कागदाला टिकलीसारखी छिद्रं पडतात आणि तो पटकन फाटतो. एकाच नक्षीचे चार-सहा ठोकळे असतील तर प्रत्येकाची पहिली शिलाई ओळीने, दोरा न तोडता मारायची, मग सगळ्यांची दुसरी. काम झपाट्याने होतं, पण कागदाच्या चिंध्या होतात.

तिने हाताची पद्धत धरली होती. मी पहिले वीस षटकोन केले तेव्हा टाके सरळ कागदातून घातले. काढताना कागद फाटले, काही कोपरेही उसवले. मग तिच्या जुन्या तुकड्यांपैकी चहूबाजूंनी जोडलेला एक घेतला आणि कागद ढकलला. तो जसाच्या तसा बाहेर आला. कडेला दुमडल्याच्या दोन-तीन जुन्या घड्या दिसत होत्या, म्हणजे तोच कागद तिने आधीही वापरला होता. कागद वाचावा, वेळ वाचावा म्हणून केलेली युक्ती. तिच्यामुळे माझं अक्षर मात्र चाळीस वर्षांनी धड माझ्या हाती आलं. चिडलो होतो त्याची लाज वाटली. तिने पत्रं टाकली नव्हती. दर दुपारी हातात घेतली होती.

आता रोज दुपारी अर्धा तास बसतो. निघालेले कागद एका लिफाफ्यात ठेवतो. अजून पाचशेच्या वर षटकोन बाकी आहेत. ‘रजा मंजूर झाली तर’च्या पुढचा तुकडा अजून सापडलेला नाही. बाहेरच्या रांगेचे कागद काठपट्टी लागेपर्यंत आत ठेवावेच लागतात, त्यामुळे कदाचित तिथे असेल.

तुम्हाला एकच विनंती. आई-आजीच्या ट्रंकेत असं अर्धवट जोडकाम सापडलं, तर पूर्ण करण्याच्या घाईत आधी कागद ओढू नका. उलटं करून पाहा, फोटो काढा, तारीख दिसली तर टिपून ठेवा. आमच्या पलटणींच्या युद्धनोंदी दप्तरात जपलेल्या आहेत. घरी राहून ज्यांनी घर सांभाळलं, त्यांच्या नोंदी बऱ्याचदा अशाच कुठेतरी शिवलेल्या असतात.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर भेटू. जय हिंद.