नाव कुठल्या खणात?

फिलाडेल्फियात लोकस्ट स्ट्रीट आणि एकविसावा रस्ता जिथे मिळतात, तिथे एका खांबावर निळी पाटी आहे. पाटीवर पिवळ्या अक्षरांत नाव आहे बार्बरा गिटिंग्ज. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या इतिहास आयोगाने हा फलक २०१६ मध्ये लावला. त्याआधी, २००५ मध्ये, शहरातल्या इंडिपेंडन्स हॉलजवळ असाच एक फलक लागला होता. १९६५ ते १९६९ या काळात दर ४ जुलैला तिथे समलिंगी हक्कांसाठी निदर्शने होत, त्यांच्या स्मरणार्थ. पहिल्या वर्षी सुमारे ४० माणसे होती. पुरुष कोट-टायमध्ये, बायका फ्रॉकमध्ये, हातात फलक. गिटिंग्ज त्यांच्यात होत्या.

निदर्शनाचे छायाचित्र निघते, म्हणून ते इतिहासात पटकन जागा मिळवते. गिटिंग्जचे दुसरे काम मात्र असे डोळ्यांत भरणारे नव्हते. ते ग्रंथालयातले होते, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

१९४९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकायला गेलेल्या या मुलीने स्वतःविषयी वाचायला मिळावे म्हणून पुस्तके शोधली. ती सापडली मनोविकारांच्या, वैद्यकाच्या आणि गुन्ह्यांच्या कपाटांत. त्या पानांवर तिच्यासारख्यांबद्दल बरेच लिहिलेले होते, पण प्रेम करणारे माणूस म्हणून कुणीच नव्हते. पुढे, ग्रंथपाल नसतानाही, १९७१ पासून पंधरा वर्षे त्यांनी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमधल्या समलिंगी गटाचे नेतृत्व केले. गटाने समलिंगी जीवनाकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या पुस्तकांची यादी केली. पहिल्या यादीत जेमतेम ३७ नोंदी होत्या. वर्गीकरण बदलावे म्हणून गटाने पाठपुरावाही केला. १९७२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने या विषयावरची पुस्तके 'विकृत लैंगिक संबंध' या वर्गातून बाहेर काढली.

रंगनाथनांच्या देशातल्या वाचकाला वर्गांकाची ताकद वेगळी सांगायला नको. पुस्तक तेच राहते, शेजार बदलतो, आणि शेजारावरून वाचक अर्थ लावतो. अनुवाद करताना मला शब्द निवडण्यापेक्षा या शेजाराचीच धास्ती जास्त असते. 'समलिंगी' हा साधा शब्द आहे. पण त्याच्या अलीकडे 'व्याधी' आणि पलीकडे 'गुन्हा' असेल, तर तो साधा राहत नाही.

१९७२ मध्येच डॅलसला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनात गिटिंग्जनी हाच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. व्यासपीठावर एक समलिंगी मनोविकारतज्ज्ञ हवा, यासाठी त्यांनी बऱ्याच जणांना विचारले. नोकरी जाईल या भीतीने एकेक जण नकार देत गेला. अखेर जॉन फ्रायर तयार झाले, तेही चेहऱ्यावर मुखवटा, डोक्यावर विग, अंगात ढगळ कोट आणि आवाज बदलणारा मायक्रोफोन, अशा अटींवर. नाव फक्त 'डॉ. एच. अनामिक'. जे आले नाहीत त्यांची मनोगते गिटिंग्जनी तिथे वाचून दाखवली. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. त्यामागे इतरांचेही प्रयत्न होते. पण नाव न सांगता बोललेला तो डॉक्टर त्या खोलीतल्या सहकाऱ्यांना विसरता येण्यासारखा नव्हता.

गिटिंग्ज २००७ मध्ये वारल्या. २०१७ मध्ये फ्रायर यांच्याही नावाचा फलक लागला, त्याच लोकस्ट स्ट्रीटवर, तेराव्या रस्त्याच्या नाक्याला. तेव्हा तेही हयात नव्हते. एका रस्त्यावरचे हे दोन फलक आठ चौकांच्या अंतरात वाचून होतात. फलकावर चार ओळी मावतात. कपाटे, याद्या, नकाराची पत्रे त्यात येत नाहीत. तरी ज्या माणसाला एके काळी आपले नाव मुखवट्याआड ठेवावे लागले, त्याचे नाव आता रस्त्यावरून जाणारा कुणीही, कुणाची परवानगी न घेता, मोठ्याने वाचू शकतो.