घाटरस्ता, गड आणि सायकल

सह्याद्रीतील गडांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे आणि त्यातले बहुतेक पायी चालणाऱ्यांनी केलेले आहे. गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे त्याचे ठळक उदाहरण. या लेखनात गड पायथ्यापासून माथ्यापर्यंत उलगडत जातो. घाटरस्ता मात्र पायथ्याशी पोहोचण्याचे साधन म्हणून एखाद्या वाक्यात येतो आणि संपतो. गेली काही वर्षे मी आणि माझे एक सहकारी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या कमी वर्दळीच्या रस्त्यांवर सायकल चालवतो. चाकावरून गडांकडे पाहताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. घाटातला डांबरी रस्ता आणि त्याच्या डोक्यावरचा गड हे एकाच काळाचे नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यांचा परस्परांशी जुना वैरभाव आहे. प्रस्तुत लेखात या वैराचा थोडा शोध घ्यावयाचा आहे.

आरंभ जुन्नरपासून करू. जुन्नरहून आपटाळेमार्गे चावंडच्या पायथ्यावरून घाटघरकडे जाणारा रस्ता सायकलीसाठी उत्तम आहे. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडले तर फारसे कोणी भेटत नाही. जीवधनचा उभा कडा समोर येतो आणि नाणेघाटाच्या माथ्यावर रस्ता संपतो. पुढे आहे ती केवळ खडकातली पायवाट, थेट कोकणात उतरणारी. येथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, अशी रूढ समजूत आहे. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल शतकानुशतके या नाळेतून चढला. पण तो माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून. थोडे अपवाद वगळता एकोणिसाव्या शतकापर्यंत सह्याद्रीच्या घाटवाटांना चाक ठाऊक नव्हते. कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई ते लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर. गाडी घाटाच्या तोंडाशी येऊन थांबे. डांबर संपते तेथे सायकल आडवी ठेवून खाली पाहिले की ही गोष्ट वाचावी लागत नाही, ती दिसते.

चाकाच्या या अभावावर गडांचे सारे शास्त्र उभे होते. घाटवाट अरुंद, तिच्यावर नजर ठेवणारा गड उंच, आणि गडाची स्वतःची वाट त्याहून बिकट. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण आपण विद्यार्थ्यांना गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. गडाचे मार्ग सुगम असू नयेत, असलेच तर ते मोडून त्यांवर झाडी वाढवावी, हा त्यातला उपदेश वर्गात काहीसा चमत्कारिक वाटतो. राज्यकर्ता रस्ते बांधतो, हे आपल्या मनात इतके ठसलेले असते. परंतु २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोठ्या फौजेची जी कोंडी झाली, ती ध्यानात घेतली की या उपदेशामागचा अनुभव कळतो. वाट जितकी दुर्गम, तितके लहान सैन्य मोठे होते.

अर्थात शिवकाळाला रस्तेच नको होते, असाही निष्कर्ष काढू नये. प्रतापगडाखालच्या पार गावाजवळ कोयनेवरचा जो जुना दगडी पूल आहे, तो शिवकालीन मानला जातो आणि आजही भक्कम आहे. प्रश्न रस्ता असावा की नसावा हा नव्हता. तो कोणासाठी सुगम असावा, हा होता.

या प्रश्नाचे उत्तर १८१८ साली बदलले. पेशवाई संपली, गड एकामागून एक इंग्रजांच्या हाती आले आणि त्यांपैकी अनेकांच्या वाटा व पायऱ्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. जीवधन, अलंग, मदन, कुलंग येथे चढणाऱ्याला त्या तुटलेल्या पायऱ्यांचा आजही अडसर होतो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाड्यांचा रस्ता खुला केला आणि आपल्या मंडळींसह घोडागाड्यांतून तो घाट उतरला. १० नोव्हेंबर हीच प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली झालेल्या अफजलखानवधाची रूढ इंग्रजी तारीख, हा निव्वळ योगायोग; कालगणनेच्या पद्धतीही वेगळ्या. तरी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. खान वाईहून जावळीच्या अरण्यात उतरला तेव्हा वाटेनेच त्याच्या सैन्याचा विस्तार निरुपयोगी केला. माल्कमच्या रस्त्यानंतर असा प्रसंग पुन्हा घडणे शक्य नव्हते. गडाची वाट मोडणारी आणि घाटाची वाट रुंदावणारी सत्ता एकच होती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या बिरुदामागे हा इतिहास आहे, याची जाणीव स्वाराला असण्याचे कारण नाही. पण घाटाचे राज्य खरोखरच चाकाकडे गेले होते.

हे सारे मला ग्रंथांतून ठाऊक होते. ते उमगले मात्र वरंध घाटात. भोरहून निघालो, हिरडस मावळातून नीरा-देवघरच्या पाण्याच्या काठाकाठाने चाळीसेक किलोमीटर आलो. रोहिडा मागे राहिला. बाजीप्रभू ज्या बांदल देशमुखांच्या पदरी होते, त्यांचा हा मुलूख. आम्हांला कावळ्या किल्ला पाहायचा होता. वाघजाईच्या देवळाजवळ चहा घेताना टपरीवरच्या आजोबांना विचारले, “आजोबा, किल्ला कुठून चढायचा?” ते म्हणाले, “मास्तर, ह्यो काय किल्लाच की. रस्ता त्याच्या मधनंच काढलाय.” मागे वळून पाहिले. ज्या खिंडीतून आम्ही धापा टाकत आलो होतो, तीच गडाची तोडलेली सोंड होती. एक भाग या बाजूला, दुसरा त्या बाजूला. खडकातली पाण्याची टाकी वर, मोटारींचे भोंगे खाली. आम्ही गडातून आरपार आलो होतो आणि आम्हांला ते कळलेही नव्हते.

त्या क्षणी थोडी लाज वाटली. बखरी शिकवणाऱ्या माणसाने गड ओलांडावा आणि तो शोधत राहावा! पण दोष केवळ आमचा नव्हता. जनावराला गाडी ओढता यावी म्हणून घाटरस्ता वळणे घेत घेत बेताने चढतो, आणि त्या संथ चढात जुन्या भूगोलाची धार बोथट होते. जुनी पायवाट ही वळणे छेदून सरळ उतरते. ती पाहिली तरच गड तेथे का, हे कळते.

या रस्त्यांची शांतता आपल्याला हवीहवीशी वाटते, पण तिचीही कारणे आहेत. व्यापार माळशेजकडे, बोरघाटाकडे गेला म्हणून नाणेघाट शांत झाला. वरंध पावसाळ्यात शांत असतो, कारण दरडींच्या भयाने तो वाहतुकीला बंद करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी याच परिसरातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती आठवली की ‘निवांत रस्ता’ हा शब्द सहजपणे लिहवत नाही.

२०२५ साली युनेस्कोने बारा मराठा दुर्गांचा जागतिक वारशात समावेश केला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर मोटार थेट दरवाजापर्यंत न्यावी, ही मागणीही वाढणार. त्या बारांतल्या पन्हाळ्यावर हे फार पूर्वीच घडले आहे. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला आणि आज वाहने त्याच जागेवरून गडात शिरतात. दुर्गमता हाच ज्या वास्तूचा अर्थ, तिथे सुगमता आणताना आपण नेमके काय जतन करतो, हा प्रश्न इतिहासाच्या आणि साहित्याच्या अध्यापकांनी तरी विचारला पाहिजे.

परतताना आम्ही सायकली वाघजाईपाशी ठेवल्या आणि जुन्या पायवाटेने अर्धा तास खाली उतरून पुन्हा वर आलो. सायकलीने दिवसभरात जितके दमलो नव्हतो, तितके त्या तासाभरात दमलो. पुढच्या सोमवारी ‘आज्ञापत्रा’तले ते प्रकरण वर्गात पुन्हा वाचले. या वेळी ते मला चमत्कारिक वाटले नाही.