लुगड्यातला गडी आणि आपलं हसू

'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की घरातलं कुणी जागचं हलत नाही. पिक्चर १९८८ सालचा, पण आपल्या शाळकरी पोरांनाही त्यातले संवाद पाठ आहेत. भाड्याची खोली मिळावी म्हणून सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते आणि आपण पोट धरून हसतो. हे सोंग एवढं का आवडतं? त्याचा इतिहास आपल्याच भागातला आहे, तो आज बघू.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, 'सीता स्वयंवर' नाटक केलं. त्यातली सीता पुरुष होता. चांगल्या घरच्या बाईने रंगभूमीवर पाय ठेवणं तेव्हा बेअब्रूचं होतं. पुढे कितीतरी दशकं हेच चाललं. आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, याच रिवाजात मोठे झाले. त्यांचं लुगडं, त्यांचे दागिने बघून शहरातल्या बायका तशा नटू लागल्या. म्हणजे बाईने कसं दिसावं, हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्यातली तारामतीही पुरुषच होता.

बालगंधर्वांना बघून लोक भारावून जायचे. हसवायचं काम तमाशातल्या मावशीचं. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्या पुढे ही मावशी. आवाज घोगरा, चाल गड्याची, पदर सावरताना तारांबळ. बालगंधर्व आतला पुरुष विसरायला लावत, मावशी तो मुद्दाम दाखवते. खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं आणि पिक्चरमधल्या घरमालकिणीला नसतं, त्यामुळे आता उघडं पडतंय की मग, ही धाकधूक शेवटपर्यंत राहते.

आम्हाला आणखी एक कारण वाटतं. पार्वती झाल्यावर परशाला पदर सांभाळावा लागतो, आवाज खाली ठेवावा लागतो, कोण बघतंय त्याचं भान ठेवावं लागतं. आपण रोज जे करतो, ते गड्याला दोन तास करावं लागतं. आपलं हसू तिथून येतं.

मग बाईने गडी व्हायचं ठरवलं तर? तेही झालंय. बायकांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्या होत्या, तिथे पुरुषांची कामं बायकाच करत. फाळक्यांच्या सिनेमात काम केलेल्या कमलाबाई गोखल्यांनी रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिका केल्या. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर नाटकात उभ्या राहिल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळ्यांनी काम केलं, तेव्हापासून बायकांच्या भूमिका बायकांनी करायची वाट रुंद झाली. गौरीच्या जागरणाला आपल्यातली एखादी धोतर नेसून, पटका बांधून उभी राहतेच की.

पण ते दाराआड. महिला दिनाच्या कार्यक्रमात आमच्या गटातली एक मैत्रीण सरपंचाचं सोंग घेणार होती. मिशी आणली होती, तालीम झाली होती. आदल्या रात्री घरून निरोप आला, 'चारचौघांत हे नको.' त्याच घरातले भावजी जत्रेत मावशी होतात, तेव्हा सगळं घर शिट्ट्या मारतं. तिने सोंग सोडलं. आम्ही नाटुकलं केलं, पण सरपंचाची खुर्ची रिकामी ठेवली. ती का रिकामी, हे गावाला सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र जपायची. सोंग घेणारा खेळ संपला की लुगडं उतरवतो. आपल्या भागातले जोगते, तृतीयपंथी यांचं ते सोंग नाही, तो त्यांचा जन्म आहे. त्यांच्यावर हसायचं नाही.

आता शाळांची स्नेहसंमेलनं येतील. पोरगा साडी नेसून आला तर खुशाल हसा. आणि पोरगी मिशी लावायची म्हणाली, तर मिशी चिकटवायला तुम्हीच पुढे व्हा.