दुसऱ्याच्या माउंटवर आपली लेन्स

मशिदीत निकाह लागतो तेव्हाचा प्रकाश फोटोग्राफरच्या फारसा कामाचा नसतो. असर-मगरिबच्या मधली वेळ, छताला दोन-चार ट्यूबलाइट, काझीसाहेब खुत्बा वाचताहेत, वकील आणि गवाह दाटीवाटीने बसलेले. फ्लॅश मारला की दोन बुजुर्ग वळून बघतात आणि तिसरे सरळ हात धरतात. ‘कबूल है’ म्हणून होते आणि खजूर वाटायला सुरुवात होते. फोटो हलला म्हणून नवरदेवाला ‘पुन्हा एकदा म्हणा’ असे सांगता येत नाही.

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स इथे हमखास मार खाते. झूम केल्यावर तिचे तोंड एफ/५.६ इतके बारीक होते. त्याच जागी एफ/२.८ची लेन्स असेल तर चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागतो, तिथे हिचे काम १६०० वर भागते. फरक अल्बमच्या पानावर दिसतो आणि पुढच्या सीझनच्या ऑर्डरमध्येही दिसतो. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर आमच्या भागातली पोरे विचारत येतात, ‘चाचा, कंपनीची लेऊँ के थर्ड पार्टी?’ त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला कंपनीच्या लेन्सची किंमत असते आणि दुसऱ्या बाजूला मोटारसायकलचा चालू असलेला हप्ता.

या प्रश्नाचे उत्तर यूट्यूबवर दर आठवड्याला बदलते. मला ते इतिहासात शोधावेसे वाटते, कारण ही स्वस्त लेन्स स्वस्त कशी झाली हे कळले की ती कुठे कच्ची असणार हेही आपोआप कळते.

गंमत अशी की ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्यासाठी निघालेली पहिलीच झूम लेन्स एफ/२.८ होती. १९५९ साली फोइग्टलेंडर कंपनीने ‘झूमार’ बाजारात आणली, ३६-८२ मिमी. तिचा जनक फ्रँक बॅक हा व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला माणूस. लेन्स जड होती, महाग होती आणि कडेला मऊ चित्र देत होती. पाठोपाठ १९६३ मध्ये निकॉनची ४३-८६ मिमी एफ/३.५ आली. ती परवडणारी होती, खूप खपली आणि तेवढीच बदनामही झाली. सरळ भिंत वाकडी दिसे, प्रकाशासमोर धरली की चित्र धुऊन निघे. ‘झूम म्हणजे तडजोड’ हे फोटोग्राफरांच्या डोक्यात बसले ते तेव्हापासून. लेन्सचे तोंड मोठे ठेवायचे, फोकल लेंग्थ बदलती ठेवायची आणि चित्रही स्वच्छ हवे, या तीन गोष्टी एकत्र आणायला भिंगांची संख्या वाढते आणि भिंगे वाढली की वजन व किंमत दोन्ही वाढतात.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग कागदावर फार आधीपासून होता. बगदादमधल्या इब्न सहल या गणितज्ञाने इ.स. ९८४च्या सुमारास प्रकाश एकवटून जाळणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. काचेत शिरताना किरण किती वळतो याचा नियम त्याने भूमितीने मांडला. युरोपात हाच नियम पुढे सतराव्या शतकात स्नेलच्या नावाने ओळखला गेला. इब्न सहलने आणखी एक गोष्ट दाखवली. समांतर आलेले सगळे किरण नेमके एका बिंदूत आणायचे असतील, तर भिंगाचा पृष्ठभाग चेंडूसारखा गोल असून चालत नाही, त्याला वेगळी वक्रता लागते. त्याच्या ग्रंथाची पाने दमास्कस आणि तेहरानच्या हस्तलिखितांत विखुरलेली होती. रोशदी राशेद यांनी ती जुळवून १९९०च्या सुमारास जगासमोर आणली.

अशी माहिती मिळाली की आपल्याकडे लगेच ‘कॅमेरा आपणच शोधला’ असा मेसेज फिरतो. मला त्यात रस नाही. इब्न सहलने कॅमेरा केला नाही, झूम तर नाहीच. मला महत्त्वाचे वाटते ते हे की योग्य आकार कोणता हे हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते, पण तो काचेत उतरवणे परवडत नव्हते. दोन काचा एकमेकींवर घासत गेलात की गोलाई आपोआप येते. गोलाई सोडून दुसरा आकार हवा असेल तर प्रत्येक भिंगाशी स्वतंत्र झटापट करावी लागते. लायकाने १९६६ मध्ये नॉक्टिलक्स ५० मिमी एफ/१.२ काढली, तेव्हा तिची अशी ‘अ‍ॅस्फेरिकल’ भिंगे कुशल हातांनी एकेक करून घासावी लागत. साहजिकच ती मोजक्या लोकांनाच घेता आली.

किंमत उतरली ती साचा आल्यावर. तापवलेली काच साच्यात दाबून थेट हवा तो आकार द्यायचा, किंवा साध्या गोल भिंगावर रेझिनचा पातळ थर साच्याने बसवायचा. या दुसऱ्या प्रकाराला ‘हायब्रिड अ‍ॅस्फेरिकल’ म्हणतात. जे काम चार साध्या भिंगांनी करावे लागे ते एक-दोन अशा भिंगांत होऊ लागले. आज आपल्या बॅगेतली स्वस्त टू-पॉइंट-एट उभी आहे ती या साच्यावर. आणि हे साचे सर्वांत चिकाटीने वापरले ते कॅमेरे विकणाऱ्या मोठ्या घराण्यांच्या सावलीत वाढलेल्या दोन जपानी कंपन्यांनी.

टॅमरॉन १९५० मध्ये उरावा इथे सुरू झाली, तेव्हा तिचे नाव वेगळे होते. ‘टॅमरॉन’ हे ब्रँडचे नाव उहयोए तामुरा या त्यांच्या ऑप्टिकल डिझायनरवरून पडले. सिग्मा १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी काढली. तिचा कारखाना पुढे फुकुशिमा प्रांतातल्या आइझू इथे उभा राहिला आणि लेन्स आजही तिथेच बनतात. या दोघांना भिंगे करता येत होती. अडचण होती ती दाराची. कॅमेरा दुसऱ्याचा, त्यावरची खाच म्हणजे माउंट दुसऱ्याचा, आणि प्रत्येक कंपनीची खाच निराळी. टॅमरॉनने १९५७ मध्ये टी-माउंट काढून त्यावर तोडगा शोधला. लेन्स एकच, मागची कडी बदलायची. १९७३ मध्ये ‘अ‍ॅडॅप्टॉल’ आली. त्यामुळे एकच लेन्स आज निकॉनवर, उद्या कॅननवर लावता येऊ लागली. भाडेकरूने प्रत्येक घरमालकाची किल्ली करून घ्यावी, तसा हा प्रकार.

ऑटोफोकस आला आणि किल्ली बनवणे अवघड झाले. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका आणली, तिच्यात कॅमेरा आणि लेन्स विजेच्या संकेतांत बोलतात. ही बोली कंपनी कुणाला शिकवत नव्हती. बाहेरच्यांनी ती ऐकून ऐकून उलगडली. पुढे कॅमेऱ्याचे नवे मॉडेल आले की बोलीत थोडा बदल होई आणि सिग्माच्या जुन्या लेन्स नव्या कॅननवर ‘एरर’ दाखवून थांबत. ‘थर्ड पार्टी भरवशाची नाही’ ही म्हण बाजारात पडली त्यामागे हे मोठे कारण आहे. भिंगात खोट नव्हती.

भिंगाचे सांगायचे तर २००३ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅननने आदल्याच वर्षी २४-७० एफ/२.८ एल आणली होती, वजन साडेनऊशे ग्रॅम. टॅमरॉनने २८-७५ मिमी एफ/२.८ काढली, मॉडेल ए०९. वजन ५१० ग्रॅम. तिने काय काय सोडले ते बघा. सुरुवात २४ऐवजी २८वर केली, म्हणजे सर्वांत पुढचे मोठे, महागडे भिंग लहान झाले. अंग प्लॅस्टिकचे. फोकसची मोटर घरघरणारी आणि संथ. पण भिंगाच्या दर्जात फार काही सोडले नाही. चित्र इतके स्वच्छ निघे की लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी जगभर ती उचलली. खुद्द कोनिका मिनोल्टाने आणि नंतर २००९ मध्ये सोनीने त्याच घडणीची लेन्स आपल्या नावाने विकली. २००६ मध्ये छोट्या सेन्सरसाठी १७-५० एफ/२.८ आली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टुडिओत जा, काचेच्या कपाटात ती कुठे ना कुठे दिसतेच.

आणि मग घरमालकांपैकी एकानेच दार उघडले. २०११ मध्ये सोनीने आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्स कंपन्यांना शुल्क न घेता देऊ केली. सोनीकडे तेव्हा लेन्स कमी होत्या, त्यामुळे ही दानत नव्हती, हिशेब होता. पण त्या हिशेबाचा फायदा आपल्यापर्यंत पोहोचला. सोनीची स्वतःची २४-७० एफ/२.८ जीएम २०१६ मध्ये २२०० डॉलरच्या आसपास आली, वजन ८८६ ग्रॅम. दोन वर्षांनी टॅमरॉनने नवी २८-७५ काढली, ८०० डॉलर, ५५० ग्रॅम. मागणी इतकी की कंपनीला पुरवठा झेपेना. २०२१च्या डिसेंबरमध्ये निकॉनने आपल्या झेड माउंटसाठी २८-७५ एफ/२.८ जाहीर केली, तेव्हा लोकांनी दोन्ही लेन्सच्या आतल्या भिंगांच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या. १२ गटांत १५ भिंगे, मांडणी तीच. थर्ड पार्टी कोण आणि फर्स्ट पार्टी कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून जरा हास्यास्पद वाटतो.

कॅननचे दार मात्र बराच काळ बंद राहिले. २०१८ मध्ये आलेल्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स २०२४ मध्ये परवान्याने जाहीर झाल्या, त्याही छोट्या सेन्सरपुरत्या. त्याच वर्षी कॅननने स्वतःच २८-७० एफ/२.८ एसटीएम काढली, ४९५ ग्रॅमची. २८वरून सुरुवात, हलके अंग. टॅमरॉनची २००३ची युक्ती वीस वर्षांनी मोठ्या घरात पोहोचली.

आता निवडीचे. मागच्या महिन्यात जी मुलगी विचारायला आली तिचा मामला वेगळा होता. ती फक्त जनाना बाजूचे शूटिंग करते. आमच्याकडे अनेक घरे बायकांच्या फोटोंसाठी बाईच हवी म्हणतात, त्यामुळे तिच्याकडे काम भरपूर आहे आणि मदतनीस कुणी नाही. मेंदीपासून रुखसतीपर्यंत सहा-सात तास कॅमेरा तिच्याच हातात. तिच्याकडे सोनीची जुनी फुल-फ्रेम बॉडी, आतच स्टॅबिलायझर असलेली. सगळे तिला सिग्माची २४-७० आर्ट घे म्हणत होते. लेन्स उत्तमच आहे, ११०० डॉलरला निघाली होती, पण २०१९च्या त्या मॉडेलचे वजन ८३० ग्रॅमच्या पुढे. सिग्माने २०२१ मध्ये २८-७० काढली ती ४७० ग्रॅमची. मी तिला एकच विचारले, ‘बेटा, खोल्या केवढ्या असतात?’ कारण २४ मिमीला ८४ अंश दिसतात आणि २८ला ७५. मेंदीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, पाठ भिंतीला टेकलेली असताना, त्या नऊ अंशांत दोन खाला आणि एक आजी बसतात. तिने विचार करून सांगितले, ‘मामू, ग्रुप तर आम्ही हॉलमध्येच घेतो. पण संध्याकाळी मनगट राहत नाही.’ तिने हलकी घेतली. टॅमरॉनची दुसऱ्या पिढीची २८-७५ही चालली असती. तिचा फोकस चपळ आहे आणि टोकाला पाच मिमी जास्त मिळतात. शेवट ठरला तो दुकानात त्या दिवशी कोणती पडून होती त्यावर, आणि यात मला काही गैर वाटत नाही.

छोट्या सेन्सरची मिररलेस बॉडी असेल तर सिग्माची १८-५० फक्त २९० ग्रॅमची आहे, खिशात मावते. टॅमरॉनची १७-७० लांब जाते आणि तिच्यात स्टॅबिलायझर आहे, पण वजन जवळपास दुप्पट. पोरे स्टॅबिलायझरला फार भुलतात. तो तुमच्या हाताचे हलणे थांबवतो, नवरदेवाचे नाही. नवरदेवाला थांबवायला शटर जलद लागतो आणि त्यासाठी एफ/२.८. सोनीच्या बॉडीवर एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. सेकंदाला १५ फोटोंच्या वर वेग बाहेरच्या लेन्सला मिळत नाही. क्रिकेटचे फोटो काढणाऱ्याला ते नडेल, वलीम्याला नडणार नाही.

ज्यांच्याकडे जुना डीएसएलआर आहे आणि पैसा खरेच नाही, त्यांनी लाजू नये. सेकंडहँड ए०९ किंवा १७-५० आजही पोट भरून देते. निकॉनवाल्यांनी एक बघावे. ए०९च्या सुरुवातीच्या निकॉन आवृत्तीत मोटर नाही, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीतही नाही. ती जोडी जमली की फोकस हाताने फिरवत बसावे लागते. मोटर असलेली आवृत्ती २००८ मध्ये आली, तीच शोधावी. दुकानात लेन्स लावून समोरच्या विटांच्या भिंतीचा एफ/२.८वर सरळ फोटो घ्यावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा मऊ असेल तर आतले भिंग सरकलेले आहे, ती तशीच परत ठेवावी. मग लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च टाकावा आणि बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघावे. लेन्स कोकणातून आलेली असेल तर दोनदा बघावे.