मक्याचा पराग आणि मोनार्क फुलपाखरूं

एखादा पदार्थ विषारी आहे असें सिद्ध झालें, म्हणजे त्यापासून धोका किती हेंही सिद्ध झालें, असें नाहीं. विष आणि जीव यांची गांठ कोठें, केव्हां व किती प्रमाणांत पडते, यावर धोक्याचें माप ठरतें. हें साधें तत्त्व अमेरिकेंतील एका फुलपाखराच्या निमित्तानें जगापुढें आलें.

१९०१ मध्यें जपानांत इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांना मारणारा एक सूक्ष्म जंतु आढळला. तोच पुढें १९११ मध्यें जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतांत बर्लिनर यांना सांपडला आणि त्या प्रांताचें नांव त्यास मिळालें. ‘बीटी’ हें त्या नांवाचेंच संक्षिप्त रूप. या जंतूचा कीटकनाशक गुण मक्याच्या बीजांत उतरविण्यांत आला व १९९६ पासून असा मका अमेरिकेंतील शेतांत पिकूं लागला. खोड पोखरणाऱ्या अळीचा नाश व्हावा, एवढाच त्यांतील हेतु.

परंतु मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो आणि शेतांतील व बांधावरील ‘मिल्कवीड’ या रुईच्या कुळांतील झुडपांवर बसतो. मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांचें हेंच एक अन्न. मे १९९९ मध्यें कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन लोसी व त्यांचे सहकारी यांनीं ‘नेचर’ नियतकालिकांत आपला प्रयोग प्रसिद्ध केला. बीटी पराग टाकलेलीं पानें चार दिवस खाणाऱ्या अळ्यांपैकीं ५६ टक्केच जगल्या. साध्या मक्याचा पराग टाकलेल्या पानांवर एकही दगावली नाहीं. सर्वत्र खळबळ उडाली.

तथापि प्रयोगशाळेंतील पान म्हणजे शेत नव्हे. पानांवर प्रत्यक्षांत पराग किती पडतो, शेतापासून किती अंतरावर तो विरळ होतो, पराग गळण्याचा व अळ्या वाढण्याचा काळ एकच असतो काय, याची मोजणी अनेक संशोधकांनीं मिळून केली. २००१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बहुतेक प्रचलित वाणांच्या परागापासून मोनार्कला होणारा धोका नगण्य होता. मात्र ‘इव्हेंट १७६’ या वाणाचा पराग अल्प प्रमाणांतही घातक ठरला. त्याची लागवड थोडी होती आणि पुढें तो बाजारांतून नाहींसा झाला.

म्हणजे पहिली भीति सर्वस्वी खरी नव्हती, तशी ती व्यर्थही नव्हती. ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच, कीं पेरणी १९९६ ची होती आणि मोजणी २००१ ची. घातक वाण थोड्याच क्षेत्रांत राहिला, हें त्या मोजणीचें फळ नव्हतें.