संथ तारेचं निदान

१६ ऑगस्ट १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा संदेश अटलांटिकच्या तळातून अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांच्याकडे निघाला. संदेश ९८ शब्दांचा होता आणि तो पलीकडे पूर्ण पोचायला सुमारे १६ तास लागले. एका शब्दाला जवळपास दहा मिनिटं! आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत टाकलेल्या त्या तारेच्या दोन्ही टोकांना बसलेले तारमास्तर दिवसरात्र एकमेकांना तेच विचारत होते: मिळालं का, पुन्हा पाठवा, जरा सावकाश पाठवा. जेमतेम तीन आठवड्यांत तार कायमची मुकी झाली.

आज घरोघरी ‘नेट स्लो आहे’ म्हणून जी कुरकुर चालते, तिचा इतिहास इथून सुरू होतो. तार संथ चालू लागली की माणसाला आधी सुचतं ते जोर लावणं. दाब वाढवायचा, संदेश पुन्हा पुन्हा पाठवायचा, साठवणीची जागा वाढवायची. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा उपाय वेगवेगळ्या पिढ्यांनी करून पाहिला आणि बहुतेक वेळा त्यानेच दुखणं वाढवलं. गुण आला तो मोजमापाने.

अटलांटिकच्या तारेवर हे दोन्ही मार्ग समोरासमोर उभे होते. तार टाकणाऱ्या कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचे शल्यवैद्य, प्रयोगांची हौस असलेले. दुसऱ्या बाजूला ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. रबरासारख्या गटापर्चाच्या आवरणातली तार समुद्रात टाकली की ती स्वतःच विजेचा साठा करू लागते, हे मायकेल फॅरेडे यांनी आधीच दाखवलं होतं. पाठवलेला ठोका आधी हा साठा भरतो आणि मगच पलीकडे हळूहळू उमटतो. तो ओसरायच्या आत दुसरा ठोका पाठवला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. थॉमसन यांनी त्याचं गणित मांडलं: हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट.

व्हाइटहाउस यांना हे पटलं नाही. संदेश पोचत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रचंड आकाराची प्रवर्तन वेटोळी लावून सुमारे २,००० व्होल्टचा दाब तारेवर चढवला. ती तार मुळातच सदोष होती. ती घाईघाईत बनवली होती, आणि साठवणीतही तिचे हाल झाले होते. त्या दाबाखाली आवरणाचे कच्चे भाग फुटले आणि उरलासुरला जीवही गेला.

थॉमसन यांनी उलट्या बाजूने विचार केला. पलीकडून क्षीण संदेश येतो आहे ना, मग तो क्षीण संदेशच वाचता यायला हवा. त्यांच्या आरसा-गॅल्व्हनोमीटरमध्ये रेशमाच्या धाग्याला एक चिमुकला आरसा टांगलेला असे आणि त्याच्या पाठीला बारीक चुंबक चिकटवलेले. शेजारच्या वेटोळ्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह गेला तरी आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला दिव्याचा ठिपका समोरच्या पट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरके. अंधाऱ्या खोलीत बसलेला कारकून त्या ठिपक्याची हालचाल पाहून अक्षरं सांगत जाई. अपयशाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १८६१ मध्ये आला. त्यानंतर तांब्याची शुद्धता, आवरणाची जाडी आणि प्रत्येक तुकड्याची चाचणी यांना काटेकोर शिस्त आली. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने नवी तार टाकली, तेव्हा मिनिटाला सुमारे आठ शब्द जाऊ लागले. राणीचा तोच संदेश आता बारा-तेरा मिनिटांत पोचला असता.

हिंदुस्थानच्या वाटेवरही असाच धडा घ्यावा लागला. १८५७ च्या उठावानंतर लंडनला मुंबई-कलकत्त्याची बातमी तातडीने हवी होती. सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंतची तांबड्या समुद्रातली तार १८५९-६० मध्ये टाकली गेली. खडबडीत तळावर ती ताणून टाकल्याने जागोजाग अधांतरी लोंबकळत राहिली आणि लवकरच निकामी झाली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातून दुसरी तार गेली. तिची भेंडोळी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून आधी मुंबईला आली होती. त्यांतली ‘ट्वीड’ आणि ‘असाय’ ही जहाजं मुळात मुंबईच्याच गोदीत बांधलेली. आखातातली तार चांगली होती, पण संदेशाचा पुढचा प्रवास तुर्की अंमलाखालच्या जमिनीवरून होई. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर एक कारकून तो ऐके, लिहून घेई आणि पुढे पाठवी. इंग्रजी न जाणणाऱ्या हातांतून गेलेला मजकूर कित्येक दिवसांनी पोचे, तोही अनेकदा अर्थ लागू नये इतका विस्कटलेला. १८६६ मध्ये ब्रिटिश संसदेने यावर खास समिती नेमली. समुद्रातली तार ठणठणीत होती, वेळ आणि मजकूर हे दोन्ही गळत होते ते ठाण्यांवर.

उपाय निघाला तो मधल्या अनोळखी हातांना टाळण्याचा. जानेवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईत आली. टाक्यांतली तार उन्हाने तापू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिलेला होता. फेब्रुवारीत तिने मुंबई-एडन तार टाकली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नो किनाऱ्यापर्यंतची साखळी पूर्ण झाली आणि लंडनमध्ये उद्योजक जॉन पेंडर यांच्या घरच्या समारंभातून व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्याशी काही मिनिटांत संदेशांची देवाणघेवाण झाली.

पण तार टाकणं हे अर्धंच काम होतं. ती तुटली की काय करायचं? समुद्रात शेकडो मैलांवर, खोल तळाशी नेमका कुठे बिघाड आहे, हे किनाऱ्यावरच्या खोलीत बसून सांगायचं होतं. त्यासाठी विजेचा रोध अचूक मोजणारा ‘व्हीटस्टन सेतू’ कामी आला. तारेचा रोध दर सागरी मैलाला किती, हे ती टाकतानाच नोंदवलेलं असे. समजा तो ४ ओहम आहे आणि तुटलेल्या तारेचा रोध ८०० ओहम भरला, तर बिघाड २०० मैलांवर आहे. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात उघड्या पडलेल्या तांब्याला समुद्राचं पाणी लागून तिथलाच रोध पळापळाला बदलतो, पाण्याच्या तापमानाने आकडे सरकतात आणि पृथ्वीच्या पोटातले प्रवाह काट्याला ढकलतात. म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही टोकांकडून मोजणी होई, प्रवाहाची दिशा उलटसुलट करून आकडे पडताळले जात आणि मगच जहाजाला अक्षांश-रेखांश दिले जात. जहाज तारेच्या आडव्या दिशेने गळ ओढत जाई. गळावर ताण वाढला की तार सापडली असं समजायचं, ती वर घ्यायची, कापायची आणि दोन्ही अंगांना चाचणी करायची. जे अंग किनाऱ्याशी बोलेल ते ठीक, दुसऱ्याचा शोध पुढे चालू.

रोधाचं सर्वमान्य एकक ठरवायला ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये समिती नेमली, त्यामागे या तारांचीही निकड होती. प्रत्येकाचं माप वेगळं असतं तर मुंबईची मोजणी एडनला निरुपयोगी ठरली असती.

शंभरेक वर्षांनी तारांवरून अक्षरांऐवजी संगणकांची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, धावू लागली आणि जुनाच आजार नव्या रूपात आला. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातला दुवा एकाएकी मंदावला. अंतर सुमारे ४०० यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटांचं. वेग मात्र सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला, म्हणजे ८०० पटींनी घसरला. यंत्रं चालू होती, तार शाबूत होती.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स कारणाच्या मागे लागले. पाठवणारा संगणक पोच येण्याची ठरावीक काळ वाट पाही. रांग वाढल्यामुळे पोच उशिरा आली की पॅकेट हरवलं असं समजून तो तेच पुन्हा पाठवी. त्यामुळे रांग आणखी लांबे, पोच आणखी उशिरा येई आणि सगळेच संगणक आणखी जोराने पाठवू लागत. वाहिनी भरून वाहत होती, पण तिच्यातला बहुतेक माल आधीच पाठवलेल्याच्या नकला होता. जॉन नेगल यांनी अशा कोसळण्याचा इशारा १९८४ मध्येच देऊन ठेवला होता.

१९८८ मध्ये जेकबसन यांनी उपाय प्रसिद्ध केला. आधी एकच पॅकेट पाठवायचं. पोच आली की दोन, मग चार. एखादं हरवलं तर ती गर्दीची खूण मानून वेग झटकन कमी करायचा आणि पुन्हा जपून वाढवायचा. पोच यायला किती वेळ लागतो आणि त्यात किती चढउतार होतात, याची मोजणी सतत चालू ठेवायची. आजचं इंटरनेट या शिस्तीवर उभं आहे आणि ती न बाणवता ते इतकं वाढूच शकलं नसतं.

याच काळात निदानाची दोन हत्यारं तयार झाली. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी नेटवर्कच्या विचित्र वागणुकीचा छडा लावायला एका संध्याकाळात छोटा प्रोग्रॅम लिहिला. पलीकडच्या संगणकाला हाक द्यायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला ‘पिंग’ म्हटलं. म्यूस यांना एका परिषदेत कळलेला किस्सा असा: एका नेटवर्क व्यवस्थापकाची जोडणी मधूनच तुटत असे. त्याने पिंगला आवाजाच्या प्रोग्रॅमशी जोडलं, तशी प्रत्येक उत्तराला संगणकातून मोठ्याने ‘पिंग’ ऐकू येऊ लागलं. मग तो इमारतभर फिरून एकेक जोड हलवत गेला. ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला, तोच सैल होता.

दुसरं हत्यार ‘ट्रेसराउट’, तेही जेकबसन यांचं. प्रत्येक पॅकेटवर त्याला किती टप्पे ओलांडायची परवानगी आहे तो आकडा असतो. आकडा संपला की तिथला राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. म्हणून आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पॅकेटं सोडत गेलं की वाटेतला एकेक राउटर आपणहून पत्ता सांगतो, आणि वेळ कुठल्या टप्प्यावर वाढतो तेही दिसतं.

या हत्याराने भारतातल्याही एका दुखण्यावर बोट ठेवलं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८९ च्या सुमारास अमेरिकेशी सेकंदाला ९,६०० बिटांची जोडणी सुरू झाली होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवर मोडेम किंचाळायचा, त्या आवाजात दोन मोडेम तारेची प्रत तपासून झेपेल तो वेग ठरवत असत. पुढे इंटरनेट कंपन्या वाढल्या आणि विचित्र प्रकार दिसू लागला. मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला काही पाठवलं, तर वाट अनेकदा परदेशातून जाई. ट्रेसराउटच्या ओळींत ती समुद्रापार जाऊन परतताना स्पष्ट दिसे. जास्त बँडविड्थ विकत घेऊन हा फेरा मिटणारा नव्हता. कंपन्यांनी देशातल्या देशात एकमेकींशी जोडून घ्यायला हवं होतं. त्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई होती.

समुद्रातली तार मात्र आजही तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या. भारताची परदेशी जोडणीची निम्म्याहून अधिक क्षमता गेल्याचा अंदाज इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने तेव्हा दिला. वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवली गेली आणि वाट लांबल्याने प्रत्येक उत्तर उशिरा येऊ लागलं. दोनच दिवसांनी दुबईजवळ फाल्कन केबल तुटली. दुरुस्तीच्या जहाजाला तिथे पाच-सहा टनांचा टाकून दिलेला नांगर सापडला. केबल शोधण्याची रीत थॉमसनच्या काळाशी नातं सांगणारी आहे, फक्त विजेच्या जागी प्रकाश आला आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. किनाऱ्यावरून सोडलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनी एक मिलिसेकंदाने परतला, तर बिघाड १०० किलोमीटरवर आहे.

सर्वांत अलीकडचं दुखणं घरातच सापडलं. २०१० मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी घरून मोठी फाइल पाठवताना पाहिलं, की पिंगचं उत्तर यायला सेकंदाहून अधिक वेळ लागतो आहे. स्मृती स्वस्त झाल्याने मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी त्यांत भल्यामोठ्या साठवणी भरल्या होत्या. एकही पॅकेट हरवू नये, हा हेतू चांगलाच होता. पण पॅकेट हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीची खूण मिळत नाही. रांग लांबतच जाते, आणि रेशनच्या दुकानात पोत्यांचा ढीग घेणाऱ्याच्या मागे पाव किलो साखरेवाला ताटकळावा तशी व्हिडिओ कॉलमधली छोटी पॅकेटं मोठ्या फाइलच्या मागे अडकतात. या फुगवट्याला ‘बफरब्लोट’ नाव मिळालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते ती मोजते आणि प्रतीक्षा रेंगाळत राहिली तर वेळीच एखादं पॅकेट टाकून देते.

हा आजार कुणालाही घरी तपासता येतो. आधी स्वतःच्या राउटरला पिंग करावं. तिथेच वेळ वाढत असेल तर दोष वाय-फायचा किंवा घरातल्या वायरीचा, कंपनीला फोन करून उपयोग नाही. तिथे आकडा स्थिर असेल तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग चालू ठेवून मोठा व्हिडिओ अपलोडला लावावा. वीस-तीस मिलिसेकंदांचा आकडा शेकड्यांत गेला, तर रांग मोडेमपाशी तुंबते आहे. अशा वेळी रांगेचं नियोजन करणारा राउटर असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी ठेवतात. रांग मग राउटरच्या ताब्यात राहते. व्हिडिओ चढायला थोडा जास्त वेळ लागतो, पण पिंगचा आकडा पुन्हा खाली येतो आणि शेजारच्या खोलीतला कॉल अडखळायचा थांबतो.