वर्धा जिल्ह्यातील खादी परिधानाची परंपरा

वर्धा जिल्ह्यातील खादी परिधानाची परंपरा ही महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात राष्ट्रीय सणांच्या व स्मृतिदिनांच्या निमित्ताने, तसेच काही संस्थांमध्ये दैनंदिन स्वरूपात, हातकताई व हातविणाईचे वस्त्र वापरण्याची प्रथा आहे. तिचा उगम भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील खादी चळवळीत आहे. सेवाग्राम, पवनार, गोपुरी आणि वर्धा शहरातील मगनवाडी ही या परंपरेची प्रमुख केंद्रे मानली जातात. गांधी जयंती (२ ऑक्टोबर), चरखा जयंती (भाद्रपद वद्य द्वादशी), हुतात्मा दिन (३० जानेवारी) आणि पवनारचा सर्वोदय मेळा (१२ फेब्रुवारी) हे या परंपरेशी निगडित महत्त्वाचे दिवस होत.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा कापूस पिकवणारा असून हिंगणघाट ही येथील कापसाची जुनी बाजारपेठ आहे. ब्रिटिश राजवटीत या भागातील कापूस रेल्वेने मुंबईला व तेथून परदेशी गिरण्यांना जात असे आणि तयार कापड परत बाजारात येत असे. कापूस पिकवणाऱ्या गावातच सूत व कापड तयार व्हावे, या खादी चळवळीच्या विचाराला येथे प्रत्यक्ष आर्थिक आधार होता.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि येथे सत्याग्रह आश्रमाची शाखा सुरू झाली. त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी मदुराई येथे महात्मा गांधींनी पंचा हाच आपला पोशाख म्हणून स्वीकारला. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम पाहिले. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव या गावी राहावयास गेले. १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्धा येथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचे नाव या संग्रहालयाला देण्यात आले असून तेथे चरख्यांचे विविध प्रकार पाहावयास मिळतात.

वस्त्र व निर्मिती

खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुतापासून हातमागावर विणलेले कापड. केवळ हातमागावर विणलेल्या, परंतु गिरणीचे सूत वापरलेल्या कापडास खादी म्हणता येत नाही. कापसातील सरकी काढणे, रुई पिंजणे, पेळू तयार करणे, टकळीवर किंवा चरख्यावर सूत कातणे, सुताची गुंडी करणे आणि शेवटी हातमागावर विणणे, असे निर्मितीचे टप्पे आहेत. रूढ मापानुसार चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी धरली जात असे.

सदरा, पायजमा, धोतर, उपरणे व गांधी टोपी हा पुरुषांचा, तर खादीची साडी हा स्त्रियांचा पारंपरिक वेश आहे. पाहुण्यांचे स्वागत पुष्पहाराऐवजी सुताच्या माळेने करण्याची पद्धत येथील गांधीविचारांच्या संस्थांमध्ये आढळते.

सण व स्मृतिदिन

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला. हिंदू पंचांगानुसार ती भाद्रपद वद्य द्वादशी होती. आपला जन्मदिवस व्यक्तिपूजेने साजरा न करता चरख्याच्या कामाने साजरा व्हावा, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे या तिथीला चरखा जयंती किंवा चरखा द्वादशी असे नाव पडले. गुजरातमध्ये तिला रेंटिया बारस म्हणतात. या दिवशी सामूहिक सूतकताई केली जाते. तिला सूत्रयज्ञ अशी संज्ञा आहे.

गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ रोजी विविध ठिकाणी करण्यात आले. वर्धा जिल्ह्यात पवनार येथील धाम नदीत हे विसर्जन झाले. त्या स्मरणार्थ येथे सर्वोदय मेळा भरतो. स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करण्याची सूतांजलीची प्रथा विनोबांनी रूढ केली. सूतांजलीत पैसा नव्हे, तर अर्पण करणाऱ्याचे श्रम मोजले जातात. त्यामुळे श्रीमंत व गरीब या दोघांचेही अर्पण सारखेच ठरते.

शैक्षणिक संस्था

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. तीत हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानले असून सूतकताईला मध्यवर्ती स्थान होते. कापसाचे वजन, सुताची लांबी व मजुरी यांच्या आधारे मुलांनी गणित शिकावे, अशी ही कल्पना होती.

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ या गांधी जन्मशताब्दी वर्षात डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. येथील विद्यार्थ्यांसाठी खादी परिधान करणे हा संस्थेच्या आचारसंहितेचा भाग असून श्रमदानालाही त्यात स्थान आहे. खादी हा येथे सणापुरता पोशाख नसून रोजचा वेश आहे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय.

प्रतीक आणि व्यवहार

खादीचे वस्त्र केवळ निष्ठेची खूण म्हणून वापरावे की ते स्वावलंबनाचे साधन राहावे, हा प्रश्न चळवळीत प्रारंभापासून चर्चिला गेला. १९४४ मध्ये सेवाग्राम येथे चरखा संघाच्या कार्याचा फेरविचार करताना गांधीजींनी वस्त्रस्वावलंबनावर भर दिला. खादी वापरणाऱ्याने स्वतः कातावे आणि कातणाऱ्याने स्वतः कातलेलेच वापरावे, असा त्यांचा आशय होता. केवळ विक्रीसाठी खादी तयार करणे त्यांना अपुरे वाटत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या कायद्यान्वये खादी व ग्रामोद्योग आयोगाची स्थापना झाली. गांधी जयंतीच्या सुमारास खादी विक्रीवर सूट देण्याची पद्धत रूढ झाल्याने खरेदी मोठ्या प्रमाणात त्या दिवसांत एकवटते. कातणारे व विणकर यांना मात्र वर्षभर काम लागते. सणापुरती मागणी आणि वर्षभराची मजुरी यांतील ही तफावत खादी संस्थांपुढील प्रमुख अडचण आहे.

राष्ट्रध्वजाच्या कापडाबाबत हाच प्रश्न पुढे आला. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज हातकताई व हातविणाईच्या कापडाचा असणे आवश्यक होते. ३० डिसेंबर २०२१ रोजीच्या दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. ध्वज घरोघरी पोहोचणे यामुळे सुलभ झाले. तथापि ध्वजनिर्मितीवर अवलंबून असलेल्या कारागिरांचे काम घटेल, या कारणाने काही खादी संस्थांनी या बदलास विरोध केला.

अन्य देशांतील समांतर उदाहरणे

विशिष्ट दिवशी राष्ट्रीय ओळखीचा वेश परिधान करण्याची प्रथा इतरत्रही आढळते. आयर्लंडमध्ये व जगभरातील आयरिश समाजांत १७ मार्च रोजी सेंट पॅट्रिक दिन साजरा होतो. त्या दिवशी हिरवी वस्त्रे वापरली जातात आणि मिरवणुकीतील बॅगपाइप वादक अनेकदा किल्ट, म्हणजे कमरेभोवती गुंडाळण्याचे चुण्यांचे गुडघ्यापर्यंतचे वस्त्र, नेसतात. किल्ट मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील आहे. १७४६ च्या ब्रिटिश कायद्याने तेथील पुरुषांना तो नेसण्यास मनाई केली होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश सांस्कृतिक पुनरुज्जीवनाच्या काळात काही राष्ट्रवाद्यांनी किल्ट स्वीकारला आणि केशरी रंगाचा एकरंगी किल्ट आयरिश मानला जाऊ लागला.

दोन्ही उदाहरणांत वस्त्र हे परकीय सत्तेच्या संदर्भात स्वत्वाचे चिन्ह बनले. फरक असा की, किल्टचे महत्त्व प्रामुख्याने त्याच्या आकारात व रंगात आहे, तर खादीचे महत्त्व ती कोणी व कशी तयार केली यात आहे. खादी कोणत्याही आकारात शिवली तरी ती खादीच राहते. मात्र सूत यंत्रावर कातलेले असल्यास तेच कापड खादी राहत नाही.